ईशान्य मुंबई : खासदार बदलतो, मतदार बदलतो का?

विशेष प्रतिनिधी

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मध्य रेल्वेच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना आणि हार्बर मार्गावरील गोवंडी-मानखुर्दच्या परिसरात पसरलेल्या ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघाविषयी राजकीय वर्तुळात एक समज पक्का झाला आहे. येथील मतदार एका खासदाराला सलग दुसरी संधी देत नाही, असा तो समज. आकडेवारी वरवर पाहिली तर तो खराही वाटतो. १९७७ आणि १९८० अशा दोन निवडणुका ओळीने जिंकणारे सुब्रमण्यम स्वामी हे अशी कामगिरी करणारे येथील शेवटचे खासदार. त्यानंतर १९८४ ते २०२४ या काळात लोकसभेच्या अकरा निवडणुका झाल्या आणि त्यांपैकी एकदाही विद्यमान खासदार लगेचच्या निवडणुकीत पुन्हा विजयी झाला नाही.

शेजारच्या उत्तर मुंबईत याच काळात राम नाईक यांनी १९८९ पासून १९९९ पर्यंत सलग पाच वेळा विजय मिळवला, हे लक्षात घेतले तर ईशान्य मुंबईचे वेगळेपण अधिकच ठळक होते. एकाच शहरातील दोन उपनगरी मतदारसंघ इतके भिन्न का वागतात? येथील मतदार खरोखरच चंचल आहे, की कामाचा हिशेब मागणारा जागरूक नागरिक आहे? गेल्या सहा दशकांचे निकाल तपासले असता या दोन्हींपेक्षा वेगळेच उत्तर समोर येते. या मतदारसंघातील वस्त्यांचा कौल बराचसा स्थिर आहे. बदलत राहते ते युत्या, फाटाफूट आणि उमेदवारीवाटपाचे गणित. विद्यमान खासदाराला घरी बसवण्याचे श्रेय मतदाराला दिले जात असले, तरी अलीकडच्या काळात ते काम अनेकदा पक्षनेतृत्वानेच केले आहे.

पहिल्याच निवडणुकीत दोनदा मतदान

ईशान्य मुंबईच्या राजकारणाची सुरुवातच गाजली ती एका मातब्बर नेत्याच्या पराभवाने. माजी संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन १९५७ आणि १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून काँग्रेसतर्फे निवडून आले होते. १९६२ मध्ये त्यांनी आचार्य कृपलानी यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्याला पराभूत केले होते. चीनबरोबरच्या युद्धानंतर मेनन यांना मंत्रिपद सोडावे लागले आणि १९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईतून उमेदवारी नाकारली. पक्षाने ईशान्य मुंबईतून स. गो. बर्वे यांना उभे केले. सनदी सेवेतून राजकारणात आलेले आणि राज्याचे मंत्री राहिलेले बर्वे हे प्रशासक म्हणून नावाजलेले होते. मेनन अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. त्याआधीच्या वर्षी, १९६६ मध्ये, स्थापन झालेल्या शिवसेनेने त्यांच्या विरोधात प्रचार केला. 'बाहेरचा' उमेदवार हा मुद्दा मुंबईच्या निवडणुकीत इतक्या उघडपणे प्रथमच आला आणि तो कायमचा राहिला.

बर्वे सुमारे तेरा हजार मतांनी विजयी झाले, परंतु निकालानंतर अल्पावधीतच, मार्च १९६७ मध्ये, त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उमेदवारी दिली. मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. पुढे ते बंगालमधील मिदनापूर आणि केरळमधील त्रिवेंद्रम येथून लोकसभेत गेले, मुंबईतून मात्र नाही. १९७१ मध्ये काँग्रेसचे राजाराम कुलकर्णी विजयी झाले. त्यानंतर आणीबाणी आली आणि मतदारसंघाचा कल पूर्णपणे पालटला.

आणीबाणीतील धाडसामुळे परिचित झालेले स्वामी १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे निवडून आले. १९८० मध्ये इंदिरा गांधी देशभर बहुमताने सत्तेवर परतल्या, तरी येथे स्वामींनी आपली जागा राखली. देशाच्या लाटेविरुद्ध उभे राहण्याचे या मतदारसंघाचे ते बहुधा एकमेव उदाहरण होय. त्यानंतरची वाटचाल बहुतांशी लाटेबरोबर आणि युतीबरोबर झाली आहे.

कामत एकआड एक

१९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसचे तरुण उमेदवार गुरुदास कामत विजयी झाले. १९८९ मध्ये शिवसेना आणि भाजप एकत्र आले आणि भाजपच्या जयवंतीबेन मेहता निवडून आल्या. १९९१ मध्ये पुन्हा कामत, १९९६ मध्ये प्रमोद महाजन, १९९८ मध्ये पुन्हा कामत, १९९९ मध्ये किरीट सोमय्या आणि २००४ मध्ये चौथ्यांदा कामत, असा हा क्रम आहे. एकच नेता चार वेळा निवडून यावा आणि त्यातील कोणतेही दोन विजय सलग नसावेत, हा योगायोग विरळाच.

या क्रमामागील कारणे पाहिली की योगायोग फारसा उरत नाही. १९९६ मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीची सत्ता नुकतीच आली होती आणि केंद्रातील नरसिंह राव सरकारविषयी नाराजी होती. महाजन विजयी झाले आणि अटलबिहारी वाजपेयी यांच्या तेरा दिवसांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले. कृष्ण मेनन यांनी सांभाळलेले खाते त्यांना पराभूत करणाऱ्या मतदारसंघाकडे असे आले. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, महाजन हरले.

या दोन वर्षांत दोन गोष्टी घडल्या होत्या. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि त्यात दहा जणांचा बळी गेला. या घटनेने राज्यभरातील दलित समाज युती सरकारच्या विरोधात गेला. दुसरी गोष्ट म्हणजे १९९८ मध्ये काँग्रेस, रिपब्लिकन पक्षाचे एकत्रित गट आणि समाजवादी पक्ष यांनी हातमिळवणी केली. दलित, मुस्लिम आणि काँग्रेसची पारंपरिक मते एका पेटीत आली की ईशान्य मुंबईचा निकाल काय लागतो, हे त्या निवडणुकीने दाखवले.

वर्षभरातच शरद पवार काँग्रेसबाहेर पडले. १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस राज्यात स्वतंत्रपणे लढले आणि ईशान्य मुंबईत सोमय्या विजयी झाले. २००४ मध्ये दोन्ही काँग्रेस पुन्हा एकत्र आल्या आणि कामत यांनी सोमय्यांचा सुमारे ९९ हजार मतांनी पराभव केला. १९९८, १९९९ आणि २००४ या तीन निकालांत मतदाराचे मन तीन वेळा बदलले असे म्हणण्यापेक्षा एका बाजूची मते जुळली, विखुरली आणि पुन्हा जुळली, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. अर्थात १९८४ आणि १९९१ चे निकाल या सूत्रात पूर्णपणे बसत नाहीत. हत्येनंतरच्या भावनेचा जोर तेथे युतीच्या बेरजेपेक्षा मोठा ठरला, हे मान्य करावे लागते.

सहा विभाग, सहा जगे

२००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघाच्या सीमा बदलल्या. आज चेंबूर विधानसभा मतदारसंघ दक्षिण मध्य मुंबईत, तर कुर्ला उत्तर मध्य मुंबईत मोडतो. ईशान्य मुंबईत मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द शिवाजीनगर हे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यामुळे २००४ पर्यंतचे आकडे आणि नंतरचे आकडे यांची थेट तुलना करता येत नाही.

हे सहा विभाग एकमेकांना लागून असले तरी त्यांचे सामाजिक जीवन वेगळे आहे. मुलुंड आणि घाटकोपर पूर्वेत गुजराती आणि मराठी मध्यमवर्ग मोठ्या संख्येने आहे. घाटकोपर पूर्वेतच रमाबाई नगरासारखी दलित वस्तीही आहे. विक्रोळीतील कन्नमवार नगर, टागोर नगर येथील म्हाडा वसाहती आणि भांडुपच्या डोंगरउतारावरील चाळी हा मराठी कामगारवर्गाचा पट्टा. लाल बहादूर शास्त्री मार्गावरील कारखान्यांनी या वर्गाला पिढ्यान्‌पिढ्या पोसले. त्यांतील बहुतेक कारखान्यांच्या जागी आता गृहसंकुले, मॉल आणि कार्यालये उभी आहेत. दक्षिणेच्या टोकाला मानखुर्द शिवाजीनगर. मुस्लिमबहुल, झोपडपट्टीने व्यापलेला आणि देवनार कचराभूमीच्या छायेत जगणारा. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा भाग ज्या एम-पूर्व विभागात येतो, तो शहरातील सर्वांत तळाच्या क्रमांकावर होता.

या विभागांचा विधानसभेतील कौल पाहिला तर चंचलतेचा आरोप टिकत नाही. मानखुर्द शिवाजीनगरने २००९ पासून २०२४ पर्यंत चारही वेळा समाजवादी पक्षाचे अबू आझमी यांनाच निवडले. मुलुंड आणि घाटकोपर पूर्वेने चारही वेळा भाजपचा आमदार दिला. घाटकोपर पश्चिमेत राम कदम २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेतर्फे आणि त्यानंतर तीनदा भाजपतर्फे विजयी झाले. विक्रोळीत २०१४ पासून सुनील राऊत आहेत. पक्षांच्या फुटीचा फटका बसलेला भांडुप पश्चिम सोडला, तर येथील आमदार फारसे बदलत नाहीत. मग खासदारच का बदलतो?

२००९ ते २०२४ : आकडे काय सांगतात?

याचे उत्तर नव्या सीमांनुसार झालेल्या चार निवडणुकांत आहे. २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे संजय दिना पाटील यांना २,१३,५०५, भाजपचे सोमय्या यांना २,१०,५७२ आणि मनसेचे शिशिर शिंदे यांना १,९५,१४८ मते मिळाली. विजयाचे अंतर अवघे २,९३३ मतांचे. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकातही वीस हजार मतांचा फरक नव्हता. मनसे रिंगणात नसती तर निकाल काय लागला असता, हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नव्हती. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत विक्रोळी, भांडुप पश्चिम आणि घाटकोपर पश्चिम या तीनही जागा मनसेने जिंकल्या.

२०१४ मध्ये सोमय्यांनी पाटील यांचा तब्बल ३,१७,१२२ मतांनी पराभव केला. मोदी लाटेत पाटील वाहून गेले, असे त्या वेळी लिहिले गेले. परंतु पाटील यांची मते पाहा. २००९ मध्ये २,१३,५०५ आणि २०१४ मध्ये २,०८,१६३. म्हणजे जिंकताना आणि प्रचंड फरकाने हरताना त्यांच्या मतांत फरक पडला तो साडेपाच हजारांहूनही कमी. या निवडणुकीत आम आदमी पक्षातर्फे उभ्या राहिलेल्या मेधा पाटकर यांनी ७६ हजारांवर मते घेतली होती, हेही विसरता येत नाही. दुसरीकडे मनसेचा उमेदवार या वेळी नव्हता, मतदानाचे प्रमाण वाढले आणि सोमय्यांची मते ५,२५,२८५ वर गेली. मतदारांनी पाटील यांना नाकारले, यापेक्षा त्यांच्या विरोधातील मते एकत्र झाली आणि त्यांत नव्या मतांची भर पडली, हे म्हणणे अधिक बरोबर आहे.

२०१९ मध्ये सोमय्या उमेदवारच नव्हते. महापालिकेच्या कारभारावरून त्यांनी शिवसेना नेतृत्वावर केलेल्या टीकेमुळे मित्रपक्षाचा त्यांना तीव्र विरोध होता. युती टिकवण्यासाठी भाजपने त्यांचा पत्ता कापला आणि महापालिकेतील गटनेते मनोज कोटक यांना उमेदवारी दिली. कोटक यांना ५,१४,५९९ मते मिळाली. सोमय्यांच्या तुलनेत जेमतेम साडेदहा हजार कमी. पाच वर्षे काम केलेला खासदार बदलला, तरी पक्षाच्या मतपेटीला ओरखडाही उठला नाही. मत व्यक्तीला नव्हे, तर चिन्हाला आणि दिल्लीतील नेत्याला पडले, असाच त्याचा अर्थ.

२०२४ मध्ये कोटक यांनाही उमेदवारी मिळाली नाही. भाजपने मुलुंडचे आमदार मिहिर कोटेचा यांना उभे केले. त्यांच्यासमोर राष्ट्रवादीतून शिवसेनेत आलेले आणि पक्षफुटीनंतर उद्धव ठाकरे यांच्यासोबत राहिलेले पाटील होते. मतदानाच्या आठवडाभर आधी, १३ मे रोजी, घाटकोपरमध्ये पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. दोनच दिवसांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा रोड शो याच घाटकोपरमध्ये झाला. पाटील ४,५०,९३७ मते घेऊन २९,८६१ मतांनी विजयी झाले. कोटेचा यांना ४,२१,०७६ मते पडली.

२०१९ च्या तुलनेत भाजपची मते सुमारे साडेत्र्याण्णव हजारांनी घटली, तर पाटील यांची १ लाख ६२ हजारांनी वाढली. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने येथे सुमारे ६८ हजार मते घेतली होती. त्यांतील मोठा भाग आणि ठाकरे यांच्यासोबत राहिलेली शिवसेनेची मते एकत्र केली, तर ही वाढ जवळपास पूर्ण समजते. या निवडणुकीतही मतदार जागेवरच राहिला आणि पक्षांनी जागा बदलल्या.

दोन टोके, दोन न्याय

२०२४ च्या निकालानंतर चर्चा झाली ती मानखुर्द शिवाजीनगरची. या एका विभागाने पाटील यांना सुमारे ८७ हजारांचे मताधिक्य दिले. एकगठ्ठा मतदान, अशी टीका झाली. त्याच वेळी मुलुंडने कोटेचा यांना सुमारे ६० हजारांचे मताधिक्य दिले होते, त्यास मात्र 'बालेकिल्ला' असे गौरवाने म्हटले गेले. दोन्ही विभागांनी एकतर्फी मतदान केले. एकाला गठ्ठा आणि दुसऱ्याला निष्ठा म्हणणे हे विश्लेषण नव्हे.

खरे तर ही दोन टोके एकमेकांना छेद देतात आणि निकाल मधल्या पट्ट्यात, म्हणजे विक्रोळी, भांडुप आणि घाटकोपर पश्चिमेच्या मराठी वस्त्यांत, ठरतो. हाच पट्टा २००९ मध्ये मनसेकडे झुकला, २०१४ आणि २०१९ मध्ये युतीसोबत राहिला आणि २०२४ मध्ये शिवसेनेच्या दोन गटांत विभागला गेला. नोव्हेंबर २०२४ मधील विधानसभा निवडणुकीत भांडुप पश्चिम एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडे, तर विक्रोळी ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेली. लोकसभेला हरलेले कोटेचा सहाच महिन्यांत मुलुंडमधून पुन्हा आमदार झाले. लोकसभेला महाविकास आघाडीचा खासदार देणाऱ्या मतदारसंघातील सहापैकी चार आमदार महायुतीचे, असे चित्र त्यातून निर्माण झाले.

हिशेब कोणाकडे मागायचा?

२००४ ते २०२४ या पाच निवडणुकांपैकी केवळ २००४ आणि २०१४ मध्ये विद्यमान खासदार येथील मतपत्रिकेवर होता आणि दोन्ही वेळा तो हरला. २००९ मध्ये कामत वायव्य मुंबईत गेले व तेथून जिंकले. २०१९ आणि २०२४ मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारली. म्हणजे पाचपैकी तीन वेळा मागील पाच वर्षांचा हिशेब देणारा माणूस मतदारासमोर उभाच राहिला नाही. नव्या चेहऱ्याला जुन्याच्या कामाचा जाब विचारता येत नाही आणि पक्षाचे नेते जाब ऐकण्यासाठी भांडुपच्या चाळीत येत नाहीत.

याची किंमत मोजावी लागते ती दीर्घकाळ पाठपुरावा लागणाऱ्या प्रश्नांत. देवनारची कचराभूमी १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला, तेव्हा तिची आठवण सर्वांना झाली. मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली. शहराच्या कचऱ्याचा मुख्य भार आता कांजूरमार्गवर आहे. या तीनही जागा याच एका लोकसभा मतदारसंघातील आहेत. २०२४ मध्ये राज्य सरकारने धारावी पुनर्विकासासाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन देण्याचा निर्णय घेतला. देवनारच्या कचराभूमीची १२४ एकर जागाही त्याच कारणासाठी पुढे आली. मिठागरांची जमीन केंद्र सरकारची. भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेणाऱ्या या सखल जमिनीवर वस्ती उभी राहिली तर पूर्व उपनगरांचे काय होईल, येणाऱ्या लोकसंख्येला पाणी, रस्ते आणि लोकल गाड्या कोठून मिळतील, हे प्रश्न संसदेत मांडण्याचे आहेत. ते एका मुदतीत सुटणारे नाहीत.

एकीकडे मुलुंडच्या मध्यमवर्गाला आपल्या दारात पुनर्वसनाची घरे नको आहेत, तर दुसरीकडे मानखुर्दच्या रहिवाशांची तक्रार अशी, की शहराला नको असलेले सर्व काही आजवर त्यांच्याच दारात आणून टाकले गेले. या दोन गाऱ्हाण्यांचा मेळ घालू शकेल अशी एकच निवडून आलेली व्यक्ती आहे आणि ती म्हणजे दोन्ही ठिकाणची मते मागणारा खासदार. मात्र एका टोकाच्या मताधिक्यावर निवडून यायचे आणि दुसऱ्या टोकाला विसरायचे, ही रीत दोन्ही बाजूंच्या उमेदवारांना सोयीची झाली आहे.

पुढे काय?

डिसेंबर २०२५ मध्ये उद्धव आणि राज ठाकरे यांनी युती जाहीर केली आणि जानेवारी २०२६ ची महापालिका निवडणूक एकत्र लढवली. २००९ मध्ये ज्या मतविभागणीने येथील खासदार ठरवला, तिचे एक टोक आता दुसऱ्या बाजूला जोडले गेले आहे. ही जोडणी लोकसभेपर्यंत टिकली, तर मधल्या पट्ट्याचे गणित पुन्हा मांडावे लागेल. न टिकल्यास २००९ सारखी तिरंगी लढत अशक्य नाही. दोन्ही शक्यतांत निकाल ठरवणार आहेत त्या पक्षांच्या बैठका. खासदाराच्या कामाचा त्यात वाटा किती असेल, हा खरा प्रश्न आहे.

म्हणूनच ईशान्य मुंबईच्या मतदाराला चंचल ठरवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे आणि त्याला कठोर परीक्षक म्हणणे ही भाबडी स्तुती ठरेल. त्याने आपली जागा फारशी सोडलेली नाही. परीक्षा घेण्याची संधीच त्याला पाचपैकी तीन वेळा नाकारली गेली. पुढील निवडणुकीत उमेदवारांची यादी जाहीर होईल, तेव्हा या मतदारसंघाने सर्वप्रथम एवढेच पाहावे, की मागील पाच वर्षांचा खासदार त्या यादीत आहे की नाही; आणि नसल्यास, मिठागरांचा आणि कचराभूमीचा जाब त्या पक्षाला प्रचाराच्या पहिल्याच सभेत विचारावा.